पंख मागे का वळले?

टायगर मॉथ हे विमान एकदा वरून पाहा. दुपंखी, उघड्या कॉकपिटचं, १९३१ सालचं, नवख्या वैमानिकांना उडायला शिकवण्यासाठी बांधलेलं. आता पंखांकडे नीट बघा. ते सरळ आडवे गेलेले नाहीत, टोकांकडे जाताजाता मागे झुकले आहेत. असे पंख आपण जेट विमानांवर पाहतो आणि तिथे त्याचं कारण असतं वेग. ध्वनीच्या वेगाच्या आसपास पोचलं की हवा निराळी वागू लागते, म्हणून पंख मागे न्यावे लागतात. पण टायगर मॉथ जीव तोडून पळालं तरी ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढे जात नाही! त्याला हे कशाला हवं?

फोटो पाहताना हा प्रश्न सहसा पडत नाही. या विमानाचं मॉडेल हाताने जोडायला घेतलं की पडतो. खालच्या पंखावर वरचा पंख नेमका कुठे आणि किती तिरका बसवायचा, हे ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, आणि मग माणूस विचारतो, ‘असं का?’ मला मॉडेल बांधण्याचा खरा आनंद या ‘असं का?’मध्येच वाटतो. उत्तर झकास आहे. पण त्याआधी डबा उघडूया, कारण पहिलं आश्चर्य डब्यातच आहे.

अस्सल टायगर मॉथचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ८.९४ मीटर, लांबी ७.२९ मीटर. अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचं मॉडेल घेतलं तर पंख होतात साडेअठरा सेंटिमीटरांचे आणि लांबी पंधरा. डब्यात दिसतात फिकट पिवळसर किंवा करड्या रंगाचे तुकडे, आणि जवळपास प्रत्येकाला चिकटलेला एक ओबडधोबड ठोकळा. हे रेझिन. ते आलं दोन बाटल्यांमधून. दोन्हींत पातळ द्रव असतो, आणि वेगवेगळे ठेवले तर दोघेही निवांत असतात. एकत्र ढवळले की मात्र मिश्रण तापायला लागतं. बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही, रेणू एकमेकांचे हात धरतात तेव्हा ती आतूनच निघते. काही मिनिटांत पाण्यासारखी वस्तू दगडासारखी होते! या पॉलियुरेथेन रसायनाची वाट ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकुसेनला शोधली. आज आपल्या गाद्यांमधला फोमही याच घराण्यातला आहे.

द्रव ओतायचा तर साचा हवा, आणि रेझिनची सगळी किमया साच्यात आहे. बाजारात मुबलक मिळणारी प्लास्टिकची मॉडेल्स पोलादी साच्यातून येतात. मोदकाचा साचा आठवा. दोन पाखं उघडली की मोदक अलगद सुटतो, कारण त्याच्या कळ्या साचा उघडण्याच्या दिशेला कुठे अडकत नाहीत. एखाद्या कळीला आतल्या बाजूने आकडा असता तर? एक तर साचा उघडला नसता, नाहीतर मोदक फाटला असता. पोलादी साच्याची हीच अडचण आहे. ज्या आकारात कुठे आत वळलेली खाच आहे, तो त्यातून सरळ निघत नाही.

रेझिनसाठी साचा करतात सिलिकॉन रबराचा. आधी कुणीतरी प्रत्येक भागाचा मूळ नमुना घडवतो, पूर्वी हाताने, आता बरेचदा संगणकावर रेखून आणि थ्रीडी प्रिंटरवर छापून. त्या नमुन्यावर पातळ सिलिकॉन ओततात. ते घट्ट झालं की रबर ताणून, वाकवून नमुना बाहेर काढायचा. आत वळलेली खाच असली तरी रबर ताणलं जातं आणि पुन्हा आपल्या जागी येतं. आणि नक्कल किती बारीक? नमुन्यावर चुकून बोटाचा ठसा उमटला असेल, तर तो ठसासुद्धा प्रत्येक प्रतीवर उमटेल, इतकी!

मग बुडबुड्यांचं काय? ढवळताना हवा शिरणारच, आणि ती नेमकी एखाद्या बारीक दांड्याच्या टोकाशी जाऊन बसते. यावर दोन उपाय आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एकात द्रव निर्वात भांड्यात ठेवतात. बाहेरचा दाब गेला की बुडबुडे फुगतात, वर येतात आणि फुटतात. दुसऱ्यात भरलेला साचा दाबाच्या भांड्यात ठेवतात. तिथे बुडबुडे चेपून इतके लहान होतात की डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि रेझिन त्याच अवस्थेत घट्ट होतं. एक हवा हाकलतो, दुसरा ती लपवतो.

या साच्याचं आयुष्य मात्र फार थोडं. दर वेळी रेझिनची उष्णता आणि रसायन रबराला थोडं थोडं खातं, आणि काही डझन प्रती निघाल्या की बारकावे बोथट होऊ लागतात. पोलादी साचा हजारो प्रती देतो, पण तो करायला पैसा ओतावा लागतो. म्हणून ज्या विमानाचे चाहते जगभर पसरलेले पण मोजकेच आहेत, त्याची मॉडेल्स बहुधा रेझिनमध्ये येतात. टायगर मॉथ तसं भाग्यवान, त्याला प्लास्टिकचे साचेही लाभले. रेझिनचं मॉडेल वेगळं उठून दिसतं ते बारकाव्यांमुळे: इंजिनाच्या सिलिंडरवरच्या वारा खाणाऱ्या पातळ पट्ट्या, सीटच्या पाठीचा खोलगटपणा, दोन्ही कॉकपिटच्या काठांवरची कातडी गादी.

भागांना चिकटलेले ते ठोकळे कापायला हातात करवत घ्यायच्या आधी एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. रेझिनची सुकी धूळ फुप्फुसांना वाईट. नाकावर मास्क हवा आणि घासायचं ते वॉटर पेपर पाण्यात बुडवून, म्हणजे धूळ हवेत उडतच नाही. भाग आधी भांड्याच्या साबणाने धुवायचे, कारण साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट लेप अंगावर राहिला तर रंग धरणार नाही. आणि एखादा पंख वाकडा झाला असेल तर? कढत पाण्यात धरायचा. रेणूंच्या साखळ्या सैल होतात, पंख नरम पडतो, पुष्कळदा आपणहून मूळ आकाराकडे परततो. सपाट काचेवर ठेवून गार पाणी ओतलं की तो तसाच राहतो.

आता चिकटवायचं कशाने? प्लास्टिकच्या मॉडेलचा सिमेंट इथे निरुपयोगी. तो सिमेंट पॉलिस्टायरीनला विरघळवतो आणि दोन भाग एकमेकांत मिसळून एकजीव होतात. रेझिनचे रेणू मात्र एकमेकांत जाळ्यासारखे गुंतलेले असतात, ते विरघळत नाहीत. म्हणून लागतो सुपरग्लू, आणि त्याचा जन्म पाहा. १९४२ मध्ये अमेरिकेत कोडॅकमध्ये हॅरी कूवर आणि त्याचे सहकारी बंदुकीच्या नेमदुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. एक पदार्थ सापडला, पण तो ज्याला लागेल त्याला चिकटून बसे! त्यांनी तो बाजूला टाकला. १९५१ मध्ये तोच पदार्थ पुन्हा तपासताना एका महागड्या उपकरणाचे दोन लोलक एकमेकांना कायमचे जोडले गेले, आणि तेव्हा कुठे कूवरच्या लक्षात आलं की ही खोड म्हणजेच गुण आहे. १९५८ मध्ये तो बाजारात आला. तो वाळत नाही, हे ध्यानात घ्या. पृष्ठभागावर नेहमीच असलेला पाण्याचा अदृश्य थर त्याला चेतवतो आणि रेणूंची साखळी धडाधड जुळत जाते. कोकणातल्या श्रावणात ती आणखी भरभर जुळते.

पहिल्यांदा बांधायचं कॉकपिट, कारण धड बंद झालं की आत हात जात नाही. इथे दोन सीट आहेत, एकामागे एक. शिकाऊ कुठे बसत असेल? पुढे, असं वाटतं ना? नाही! शिकाऊ मागे आणि प्रशिक्षक पुढे. पुढची सीट विमानाच्या तोलबिंदूजवळ आहे. तिथे माणूस बसला काय, न बसला काय, तोल फारसा ढळत नाही. त्यामुळे शिकाऊ पहिल्यांदा एकटा उडायला निघाला तरी त्याची सीट तीच, समोरचं दृश्य तेच, विमानाचा स्वभावही जवळपास तोच. फक्त समोरचं डोकं दिसत नाही.

आणि बोलायचं कसं? इंजिन गुरगुरतंय, वारा कानात घुमतोय, विमानात वीजच नाही. १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये गॉसपोर्टच्या उड्डाणशाळेत रॉबर्ट स्मिथ-बॅरीने सोपा मार्ग रूढ केला. एक रबरी नळी, एका टोकाला बोलायचं तोंड, दुसरं टोक शिकाऊच्या टोपीतल्या कानांपाशी. डॉक्टरांच्या स्टेथॉस्कोपचंच तत्त्व. मॉडेलमध्ये ही नळी म्हणजे बारीक शिशाच्या तारेचा वाकवलेला तुकडा. मागच्या सीटच्या मागे कापडी छत्रीसारखी घडी ठेवायची असते. ती ओढून घेतली की शिकाऊला बाहेरचं काहीच दिसत नाही आणि त्याला फक्त काट्यांकडे बघून विमान चालवावं लागतं. अंधारात उडायचा सराव भर दुपारी!

नाकात बसतं जिप्सी मेजर इंजिन, १३० अश्वशक्तीचं, आणि ते उलटं आहे. चारही सिलिंडर खाली लोंबतात. असं का? पंखा ज्या दांड्यावर फिरतो तो त्यामुळे सगळ्यात वर येतो. पंख्याची पाती जमिनीपासून उंच राहतात, आणि नाकाचा वरचा भाग निमुळता झाल्यामुळे वैमानिकाला पुढचं जास्त दिसतं. एका उलथ्याने दोन अडचणी मिटल्या.

आता पंख.

टायगर मॉथचा पूर्वज डीएच-६० मॉथ. त्यात पुढची सीट वरच्या पंखाच्या थेट खाली होती. डोक्यावर पेट्रोलची टाकी, भोवती पंख पेलणाऱ्या दांड्या आणि तारा. हौशी माणसाला सहलीसाठी चालून जाईल, पण हवाई दलाच्या प्रशिक्षकाच्या अंगावर पॅराशूट असतो. विमान हाताबाहेर गेलं तर त्या पिंजऱ्यातून पॅराशूटसकट बाहेर पडायचं कसं? हे विमान बांधणाऱ्या डी हॅविलंड कंपनीच्या माणसांनी धडावरच्या मधल्या दांड्या पुढे सरकवल्या. दांड्यांबरोबर वरच्या पंखाचा मधला भाग आणि टाकीही पुढे गेली, आणि प्रशिक्षकाच्या डोक्यावर आकाश मोकळं झालं.

पण पंख पुढे गेला म्हणजे विमानाला उचलणारा जोरही पुढे गेला. वजन मात्र आहे तिथेच. तोल बिघडला! पंख परत मागे आणावा, तर प्रशिक्षक पुन्हा अडकतो. मग त्यांनी काय केलं? मधला भाग पुढेच ठेवला आणि टोकं मागे नेली. पंखाचा काही भाग तोलबिंदूच्या पुढे, काही मागे, आणि सगळा जोर मिळून पुन्हा हव्या त्या जागी. विमानाला वेगाची घाई नव्हतीच. ते पंख एका माणसाला उडी मारता यावी म्हणून वळले.

गोष्ट इथे संपत नाही. हे विमान जमिनीवर शेपूट टेकवून, नाक वर करून उभं राहतं. अशा तिरक्या अवस्थेत पंखांची टोकं जितकी मागे, तितकी जमिनीजवळ. झुकाव वाढवला तशी खालच्या पंखाची टोकं धोक्याइतकी खाली आली. मग खालचे पंख टोकांकडे जास्त उचलले. म्हणून आजही खालच्या पंखाचा चढ साडेचार अंश आणि वरच्याचा पावणेतीन. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन विमानतळावरून ह्यूबर्ट ब्रॉडने या विमानाचं पहिलं उड्डाण केलं, तोवर एका पॅराशूटने दांड्या, पंख, झुकाव आणि चढ असं सगळं हलवून सोडलं होतं. पुढे अशी आठ हजारांहून अधिक विमानं बांधली गेली, आणि प्रत्येकाच्या अंगावर ही साखळी जशीच्या तशी होती.

मॉडेल बांधणाऱ्याला हे अंश टाळता येत नाहीत. जाड पुठ्ठा कापून किंवा लेगोचे ठोकळे रचून एक चौकट करायची, तिच्यात खालचे पंख साडेचार अंशांवर टेकवायचे, वरचा पंख पावणेतीनवर, आणि मग मधल्या दांड्या बसवायच्या. दांड्या रेझिनच्या असतील, विशेषतः चाकांच्या, तर आत पितळी तार हवीच. का? गणित बघा. लांबी ४८ पटीने घटली की वजन ४८ गुणिले ४८ गुणिले ४८, म्हणजे १,१०,५९२ पटीने घटलं पाहिजे. रिकामं टायगर मॉथ सुमारे ५०६ किलोचं, त्याचं खरंखुरं प्रमाणबद्ध मॉडेल भरेल साडेचार ग्रॅम! अस्सल विमान म्हणजे पोलादी नळ्या, स्प्रूसचं लाकूड आणि कापड, आत सगळी पोकळी. रेझिनचे पंख भरीव, त्यामुळे आपलं मॉडेल त्याच्या कित्येक पट जड होतं. हे ओझं चाकांच्या नाजूक दांड्यांवर वर्षानुवर्षं राहिलं तर त्या हळूहळू वाकतात.

पंख बसले की तारा. अनेकजण इथेच दुपंखी विमानांचा नाद सोडतात, पण मला हाच भाग सगळ्यात देखणा वाटतो. पंख हलका हवा, म्हणून पातळ हवा. पातळ पंख एकटा वाकतो. पण दोन पातळ पंख एकावर एक ठेवून मध्ये उभ्या दांड्या आणि तिरक्या तारा बांधल्या तर? पूल होतो. हे अक्षरशः खरं आहे. अमेरिकेतल्या ऑक्टेव्ह शनूट या रेल्वेपूल बांधणाऱ्या अभियंत्याने १८९६ मध्ये आपल्या ग्लायडरला पुलाची कैची बसवली, आणि राईट बंधूंनी तीच रचना उचलली. त्यामुळे प्रत्येक तारेला नेमून दिलेलं काम असतं. धडाच्या खालच्या बाजूकडून वरच्या पंखाकडे गेलेल्या तारा उडताना ताणल्या जातात, कारण हवा पंखांना वर ओढते. मधल्या दांड्यांच्या माथ्याकडून खालच्या पंखाकडे उतरलेल्या तारा जमिनीवर पंखांचं ओझं धरतात. चाकं टेकली की भार एका संचाकडून दुसऱ्याकडे जातो.

मॉडेलमध्ये ही तार किती जाड हवी? माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटरचा. अठ्ठेचाळीस पट केला तर जवळपास साडेतीन मिलिमीटर झाला. म्हणजे आपल्याला केसाशी स्पर्धा करायची आहे. नायलॉनचा अतिबारीक धागा पंखातल्या सुईएवढ्या भोकात ओवायचा, सुपरग्लूचा ठिपका, दुसऱ्या टोकाला तेच. थोडा सैल राहिला? पेटती उदबत्ती जवळ न्या, टेकवू नका. धागा आपणहून ताठ होतो! उष्णतेने वस्तू प्रसरण पावते हे आपण शाळेत शिकलो, मग हा आखडतो कसा? धागा कारखान्यात ओढून लांब केला तेव्हा त्याचे रेणू जबरदस्तीने एका रांगेत उभे राहिले. उष्णतेने त्यांना हलायला मोकळीक मिळते, ते पुन्हा आपापले गुंडाळतात आणि धागा तोकडा होतो.

कापडाबद्दल माझं एक ठाम मत आहे. अस्सल पंखांवर लिननचं कापड ताणून त्यावर डोप नावाचा लेप देत, आणि तो वाळताना कापड आणखी आवळे. दोन फासळ्यांमधला खोलगटपणा जेमतेम दिसे. एक मिलिमीटरचा झोल अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्यात ०.०२ मिलिमीटर होतो, म्हणजे दिसायलाही नको. तरी कित्येक मॉडेलांच्या पंखांवर खोल पन्हळी असतात. त्या घासून टाकाव्यात. पाठ मात्र तपासून पाहा. नंतरच्या डीएच-८२ए प्रकारात कॉकपिटमागचा वरचा भाग प्लायवूडचा केला, तिथे कापडाची खूणही नको.

रंगवताना शेवटचा धक्का बसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या विमानांची खालची बाजू ठळक पिवळी असे, नवशिका येतोय हे दुरून कळावं म्हणून. वरची बाजू हिरवी आणि मातकट. पण युद्धाच्या सुरुवातीच्या पद्धतीत खालच्या पंखाच्या वरच्या अंगाला त्याच हिरव्या-मातकट रंगाच्या फिक्या छटा देत. का बरं? वरच्या पंखाची सावली खालच्यावर पडते. दोघांना सारखाच रंग दिला तर सावलीतला पंख गडद दिसून आकार उघडा पडेल. रंग फिका ठेवला तर सावली तो गडद करते आणि दोन्ही पंख सारखे दिसतात. कुणीतरी रंगाच्या डब्यात सावलीसुद्धा मोजून घातली होती! काही विमानांवर पिवळसर-हिरवा चौकोनी ठिपकाही असे. विषारी वायूचा थेंब पडला तर त्याचा रंग बदलायचा.

हीच विमानं त्या युद्धात आपल्याकडे बेगमपेट आणि जोधपूरच्या प्राथमिक उड्डाणशाळांत होती. पुढे आपल्या एचटी-२ विमानाने त्यांची जागा घेतली. हवाई दलाने जपलेलं एक टायगर मॉथ २०१२ मध्ये हिंडनला पुन्हा उडालं. भारतीय खुणांचं मॉडेल करायचं असेल तर नमुना घरातच आहे.

सगळ्यात शेवटी पंखा. बॅटरी नाही, स्टार्टर नाही, तो हाताने फिरवून इंजिन सुरू करावं लागे. जिप्सी मेजरचा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो, बहुतेक अमेरिकी इंजिनांच्या विरुद्ध. त्यामुळे सुटा पंखा वापरणार असाल तर पात्यांचा पीळ तपासा, आणि फुगीर बाजू पुढे आहे ना तेही. सपाट बाजू पुढे आली तर पात्याचा आकारच उलटा पडला.